वरच्या सड्यावरचे पाणी

मृगाचा पाऊस लागला, की आपण आधी व्हाळ वाहता झाला का ते पाहतो. पाण्याचा रंगही पाहतो. पहिले काही दिवस सड्यावरून तांबूस पाणी येते. त्यात नवल नाही. पण श्रावण आला तरी पाणी लाल आणि दाटच असेल, तर समजावे, वर कुणीतरी जमीन उकरली आहे.

आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे किती? हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. एका एकरात चार हजार चौरस मीटर भरतात. वर थोडे उरतातही. आषाढात एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एकरावर चार लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर!

त्या एकरात रान असले, तर पाला आणि मुळे पाण्याला धरून ठेवतात. बरेचसे पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली मुरते. तेच पुढे आपल्या विहिरीला येते. आता समजा, तिथे जेसीबी लागला. झाडे गेली, चढ कापला, हॉटेल झाले, भोवती फरशी बसली. पाऊस तेवढाच पडतो. पण पाणी मुरत नाही, धावत सुटते. खालच्या कुणग्यात गाळ बसतो. लावलेला तरवा गाडला जातो. गाळ खाडीत गेला, की तिसऱ्या आणि कालवे गुदमरतात.

किनाऱ्यावर आणखी एक भय आहे. देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. सिंधुदुर्ग किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव तुम्ही पाहिल्या असतील. चहूकडे समुद्र, आणि आत गोडे पाणी! तेही मुरलेल्या पावसाचेच. वाळूत मुरलेले पाणी लवकर मिळते, तसे लवकर नासतेही. शेजारच्या संडासाची टाकी पाझरली, की घाण विहिरीत यायला वेळ लागत नाही.

"पाणी काय, उताराक जातला!" असे म्हणून मालक मोकळा होतो. कायदा त्याला मोकळा सोडत नाही.

अमेरिकेत एक एकर किंवा जास्त जमीन उकरायची, तर पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना लागतो. आपल्याकडे असा एकच कागद नाही. दोनतीन कागद पाहावे लागतात. २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. पावसाचे पाणी कुठून जाईल, किती मुरवले जाईल, सांडपाणी कसे शुद्ध होईल, हे तिथे सांगावे लागते. समुद्राच्या बाजूला भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या जमिनीला किनाऱ्याचे नियम लागतात. लोक त्यांना सीआरझेड म्हणतात. ते १९९१ साली आले. २०११ आणि २०१९ साली नवे झाले. शुद्ध न केलेले सांडपाणी सोडणे आणि वाळूच्या टेकड्या सपाट करणे त्यांत मना आहे. तिसरा कायदा १९७४ चा, पाण्याच्या प्रदूषणाचा. सांडपाणी सोडणाऱ्या हॉटेलासारख्या धंद्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. ती उभारणीच्या आधी घ्यायची असते, आणि धंदा सुरू करताना पुन्हा.

इतके असूनही एक फट राहते, आणि आमच्या मते तीच मोठी आहे. एका सड्यावर पाच जण पाच लहान बांधकामे करतात. एकही २०,००० मीटरांच्या जवळ जात नाही. व्हाळाला मात्र पाचांचे पाणी एकदमच येते. अशा वेळी प्रत्येकाच्या बांधकाम परवानगीचा नकाशा पाहावा. गटार दाखवले आहे का? ते कुठे संपते? तुमच्या कुणग्याच्या मेरेवर तर नाही ना? गाळ अडवायला खड्डा आहे का? जुना व्हाळ नकाशावर आहे, की भराव टाकून तो पुसला आहे?

नकाशा दाखवत नसतील, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा. फी दहा रुपये. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. अर्जात गट नंबर लिहायला विसरू नका. व्हाळाचा फोटो उन्हाळ्यात एक काढून ठेवा, पावसात दुसरा. मागाहून भांडताना तोंडी सांगितलेला व्हाळ कुणाला दिसत नाही.

अर्ज फाल्गुनातच द्यावा. तीस दिवस उत्तराला जातात. मग गटार आणि गाळाचा खड्डा खणून घ्यायला वैशाख तरी हाती राहतो. मृग लागल्यावर जेसीबीही चिखलात रुततो.