बाजारवार्ता आणि इंग्रजी शब्द

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी विद्यार्थी इंग्रजी शब्द पाठ करतो, पण ते टिकत नाहीत. कारण शब्दामागील वस्तू त्याच्या परिचयाची नसते. यावर इंग्रजी वृत्तपत्रातील बाजारवार्ता हा एक चांगला उपाय होय.

कापूस हे या जिल्ह्याचे प्रमुख पीक. ‘मॉइश्चर’ ८ टक्क्यांहून अधिक भरले की भारतीय कापूस महामंडळ हमीभावात कपात करते, हे वाचताच शेतकऱ्याच्या मुलास ओलसर कापूस आठवतो आणि शब्द मनात बसतो. ‘लिंट’ म्हणजे रुई, ‘बेल’ म्हणजे १७० किलोंची गाठ, हे त्यास फारसे समजावावे लागत नाही. व्याकरणात ‘फ्यूचर’ हा भविष्यकाळ. बाजारात ‘फ्यूचर्स’ म्हणजे वायद्याचे सौदे. अर्थ संदर्भाने ठरतो, हा भाषेचा मोठा धडा येथे सहज मिळतो.

मात्र शिक्षकाने आधी मुलाकडून मराठी शब्द वदवून घ्यावा. अडत, तेजी, वायदा ही संपत्ती तो घरूनच आणतो. तिच्याच आधाराने परभाषा रुजते. आणि ज्यास भावाची बातमी स्वतः वाचता येते, त्यास कापूस विकताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.