शंका यंत्राची, निवाडा ग्रामसभेचा

अल्बानियाने सप्टेंबर 2025मध्ये ‘दिएला’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीला सरकारी खरेदीची ‘मंत्री’ म्हणून जाहीर केले आणि यंत्र लाच खात नाही, या युक्तिवादाला जगभर श्रोते मिळाले. आपल्याकडेही वारे त्याच दिशेचे आहे. मनरेगाच्या जागी जो कायदा संसदेने डिसेंबर 2025मध्ये मंजूर केला, त्यात गैरव्यवहार हुडकण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची तरतूद आहे. त्यामुळे हा प्रश्न आता तलासरी तालुक्यातल्या, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतच्या उधव्यासारख्या गावाचाही झाला आहे. तिथे हे यंत्र कोणावर नजर ठेवणार आणि दिसलेले कोणाला सांगणार, यावर त्याचा उपयोग ठरेल.

गावपातळीवर पैसा खाण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी कामाचे तुकडे पाडायचे. एकाच ठेकेदाराच्या गोतावळ्यातून तीन दरपत्रके आणायची. जुनाच रस्ता नव्या नावाने मंजूर करून घ्यायचा. न खोदलेल्या चराचे मोजमाप पुस्तिकेत चढवायचे. कामावर न आलेल्यांची नावे मस्टरवर लावायची. यातल्या प्रत्येक रीतीचा कागदोपत्री माग राहतो, पण तो वेगवेगळ्या फायलींत विखुरलेला असतो. तालुक्यातल्या सगळ्या पंचायतींची बिले शेजारी शेजारी ठेवून वाचणे गटविकास अधिकाऱ्याला जमणारे नाही. संगणकाला ते जमते. पंचायतींचा जमाखर्च आता ‘ई-ग्रामस्वराज’ या सरकारी पोर्टलवर चढतो. दरपत्रकांतला फरक दरवेळी तेवढाच का, दोन कामांची जागा एकच कशी, असे प्रश्न प्रणाली चटकन काढून देऊ शकते. ब्राझीलच्या केंद्रीय लेखापरीक्षण संस्थेची ‘अ‍ॅलिस’ ही प्रणाली सरकारी निविदा अशाच चाळते. तिथल्या नागरिकांच्या एका गटाने 2016मध्ये ‘रोझी’ उभी केली. लोकप्रतिनिधींनी उचललेल्या खर्चाच्या पावत्या ती तपासायची आणि संशयास्पद वाटलेल्या ट्विटरवर जाहीर करायची. तिची नजर सत्तेकडे होती आणि निष्कर्ष सर्वांसमोर होते, हे लक्षात ठेवायला हवे.

आपण मात्र कॅमेरा रोखला तो मजुरावर. 1 जानेवारी 2023पासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर एनएमएमएस अ‍ॅपवरून दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. नेटवर्क गेले आणि दुसरा फोटो चढला नाही, तर दिवसभर राबूनही खाडा, अशा तक्रारी देशभरातून आल्या. तरीही खोटी हजेरी थांबली नाही. भलतेच फोटो, फोटोचा काढलेला फोटो, हजेरीपटाशी न जुळणारी माणसे, एकच फोटो अनेक मस्टरवर, ही यादी जुलै 2025च्या परिपत्रकात केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच दिली. ग्रामपंचायत पातळीवर सगळे फोटो माणसांनी तपासावेत, हा त्यावरचा आदेश. फोटोचा फोटो ओळखणे कृत्रिम बुद्धिमत्तेला अवघड नाही. पण तिचा शेरा बिल मंजूर करणाऱ्या साखळीतच फिरत राहिला, तर तो दडपण्याचीही टक्केवारी ठरेल.

तो शेरा द्यायचा कुठे, याचे उत्तर कायद्यातच आहे. तलासरी तालुका राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या आदिवासी क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या 1996च्या पेसा कायद्याच्या कलम 4नुसार इथे विकासकामांच्या आराखड्याला ग्रामसभेची मंजुरी लागते, लाभार्थी ग्रामसभा निवडते आणि निधी खर्च झाल्याचे प्रमाणपत्रही पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावे लागते. महाराष्ट्राच्या 2014च्या नियमांनी तर पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा भरवण्याची वाट करून दिली. मात्र समोर हिशेबच नसेल, तर या प्रमाणपत्राची सही म्हणजे निव्वळ उपचार. प्रणालीने काढलेल्या शंकांची यादी प्रमाणपत्राच्या ठरावाआधी ग्रामसभेत वाचली गेली, तर बंधारा खरोखर बांधला का, हे सांगायला त्या पाड्यातली माणसे समोर बसलेली असतील. असा साक्षीदार यंत्राला मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की यंत्र चुकते. तो खरा आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीचाही आधार घेऊन हजारो पालकांवर लबाडीचा ठपका ठेवला गेला आणि जानेवारी 2021मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या सरकारी प्रणालीच्या माहितीजुळणीमुळे पात्र कुटुंबांची शिधापत्रिका गेल्याची उदाहरणे पुढे आली. म्हणून नियम एकच हवा: शेऱ्यावरून कोणाची मजुरी, रेशन किंवा पेन्शन थांबणार नाही, थांबलेच तर ठेकेदाराचे बिल, तेही प्रत्यक्ष पाहणी होईपर्यंत. दुसरा आक्षेप भाषेचा. पंचायतराज मंत्रालयाने ऑगस्ट 2025मध्ये आणलेले ‘सभासार’ ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्त तयार करते. पण इथली वारली भाषा राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि सभेत वारलीत घेतलेली हरकत इतिवृत्तातून गळण्याचा धोका आहे. त्यामुळे शंकांची यादी वारलीत समजावून सांगणे आणि इतिवृत्त सभेतच वाचून कायम करणे, हे माणसांनीच करायला हवे. तिसरा आक्षेप सर्वांत जड: ग्रामसभाही सरपंच आणि ठेकेदाराच्या मुठीत असते. असते, कारण हरकत घेणाऱ्याच्या हातात कागद नसतो. शेजारच्या पंचायतीत त्याच कामाला किती खर्च आला, हे छापील दिसले की त्याला गप्प बसवणे कठीण होते. तरीही रोखीने दिलेली लाच यंत्राला दिसणार नाही आणि धमकावलेला माणूस सभेत बोलणार नाही; या मर्यादा राहणारच.

याच तालुक्यातल्या झरी गावी मे 1945मध्ये वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांसोबत सभा भरवून वेठबिगारी नाकारली होती. जुलूम सर्वांना ठाऊक होता. मोडला तो एकत्र बसून ठराव केल्यावर. जिल्हा प्रशासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर खर्च जरूर करावा, पण तिच्या प्रत्येक शेऱ्याची छापील प्रत ग्रामसभेच्या नोटिशीसोबत पाड्यापाड्यात लावण्याची अट आधी घालावी. ही अट नसेल, तर त्या खरेदीचाच हिशेब ग्रामसभांनी मागावा.