संगणक हळू चालतोय? आधी आत कोण बसलंय ते पाहा

जवळ वही असेल तर घ्या, आज दोन-चार गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत.

मी बचत गटांची समन्वयक आहे. गेल्या वर्षी आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक विषय आला. कार्यालयातला संगणक फार हळू चालतो, सुरू व्हायलाच नऊ-दहा मिनिटं घेतो, तेव्हा नवीन घ्यावा. अंदाज होता ३५ हजारांचा. दुरुस्तीवाल्या दादांनीही सांगितलं होतं, की जुना झालाय, बदला. ठराव लिहायला पेन मीच हातात घेतलं होतं. तेवढ्यात आमच्या कोषाध्यक्ष काकू म्हणाल्या, "अगं ताई, ह्याला झालंय काय ते तरी सांग. कारण विचारल्याशिवाय आपण बाईला पाच हजारांचं कर्ज देत नाही, मग ह्याला ३५ हजार कसे देतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बीए झालेली, रोज त्याच संगणकावर अहवाल करणारी, पण तो हळू का चालतो हे मला सांगता येईना. पंधरा दिवसांची मुदत मागितली आणि गावातल्या शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी जे दाखवलं ते आज तुम्हाला सांगते.

आपल्या स्वयंपाकघरात एक कपाट असतं आणि एक ओटा. कपाटात वर्षाचं सामान राहतं. पण भाकरी करायची ती ओट्यावरच. ओट्यावर आधीच मिक्सर, डबे, कालची पातेली मांडून ठेवली तर परात ठेवायला जागा कुठून येणार? संगणकाचंही तसंच आहे. हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि रॅम म्हणजे ओटा. आमच्या संगणकाला रॅम होती ४ जीबी, म्हणजे ओटा लहान. आणि संगणक सुरू केला की आम्ही न बोलावता सतरा प्रोग्राम त्यावर येऊन बसत होते. आम्ही एक्सेलची फाईल उघडायच्या आधीच ओटा भरलेला असायचा.

हे प्रोग्राम येतात कुठून? बरेचसे आपणच आणलेले असतात. एकदा ऑनलाइन बैठकीसाठी एक ॲप घेतलं, प्रिंटरसोबत एक आलं, फोटोसाठी एक टाकलं. टाकताना 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत गेलो. त्यात 'संगणक सुरू झाला की मीही सुरू होईन' ही परवानगी आपण न वाचता देऊन टाकली. काम एका दिवसाचं होतं, पण प्रोग्राम रोज हजर राहतो. खिडकी दिसत नाही, पण पडद्यामागे तो चालूच असतो. जागा खातो आणि इंटरनेटही खातो. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्या मैत्रिणींचा दिवसाचा डेटा दुपारीच संपतो, त्याचं एक कारण हेही असू शकतं.

आता ते पाहायचे कसे? विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. ती अगदी छोटी उघडली तर खाली 'मोअर डिटेल्स' लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करा. आत जे चालू आहे त्याची यादी दिसेल. 'मेमरी' या शब्दावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त जागा खाणारा सगळ्यात वर येतो. काहीही उघडलेलं नसताना आमची मेमरी ८५ टक्क्यांच्या वर भरलेली होती.

याच खिडकीत 'स्टार्टअप' असा भाग आहे. विंडोज १० मध्ये तो वरच्या ओळीत दिसतो, विंडोज ११ मध्ये डाव्या बाजूला 'स्टार्टअप ॲप्स' नावाने. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांची हजेरी इथे असते. ज्याच्यापुढे 'एनेबल्ड' आहे तो रोज येतो. नको असेल त्यावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'डिसेबल' निवडा. ही खिडकी अवघड वाटली तर सेटिंग्जमध्ये जाऊन 'ॲप्स' आणि मग 'स्टार्टअप' उघडा. तिथे प्रत्येकापुढे दिव्यासारखं बटण आहे, ते बंद करा.

घाबरू नका, डिसेबल केल्याने प्रोग्राम पुसला जात नाही. तो कपाटात जातो. लागेल तेव्हा त्याच्या नावावर क्लिक केलं की उघडतो. आणि चुकून भलताच बंद झाला तर तिथेच 'एनेबल' करता येतो.

मी चूक केलीच. उत्साहाच्या भरात सतरापैकी सोळा बंद करून घरी गेले. दुसऱ्या दिवशी सचिव ताई इतिवृत्त लिहायला बसल्या, तर मराठी उमटेना. मराठी टायपिंगचा प्रोग्रामच मी बंद केला होता! म्हणून सांगते, काय बंद करायचं नाही तेही लिहून घ्या. एक, अँटिव्हायरस आणि 'विंडोज सिक्युरिटी' नावाचं काहीही. ते घराचं दार आहे. दोन, मराठी टायपिंगचा प्रोग्राम. तीन, आवाजाचा आणि लॅपटॉपच्या टचपॅडचा. चार, ज्याचं काम आपल्याला कळत नाही तो. आधी नाव वहीत लिहा, जाणत्याला विचारा, मग हात लावा. फाईल ऑनलाइन साठवणारा वनड्राइव्ह वापरत असाल तर तोही विचार करूनच बंद करा, नाहीतर फाईलची दुसरी प्रत वर जाणं थांबेल. एका दिवशी दोन-तीनच बंद करायचे, संगणक पुन्हा सुरू करून काम नीट होतंय का ते पाहायचं, मग पुढचे.

त्याच यादीत 'एंड टास्क' असंही बटण आहे. अडकलेला प्रोग्राम त्याने लगेच बंद होतो, पण सेव्ह न केलेलं काम जातं. आणि दुसऱ्या दिवशी तो प्रोग्राम पुन्हा हजर होऊ शकतो. रोजची हजेरी थांबवायची तर डिसेबलच करावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळाच्या शेजारी खालच्या कोपऱ्यात एक छोटा बाण असतो. तो दाबला की लपलेली चित्रं दिसतात. आमच्याकडे तिथे एक अनोळखी चित्र निघालं. विचारपूस केली तेव्हा कळलं, की दीड वर्षापूर्वी मसाल्याची बिलं करायचा प्रोग्राम बसवून देणाऱ्या मुलाने, दुरून मदत करता यावी म्हणून तो टाकला होता. अशा प्रोग्राममधून दुसऱ्या गावी बसलेला माणूस आपला पडदा पाहू शकतो, आपला माऊस हलवू शकतो. त्या मुलाचा हेतू वाईट नसेलही. पण काम संपल्यावर तो प्रोग्राम काढायचा राहिला. आणि याच संगणकावर आम्ही ग्रामसंघाचं बँक खातं उघडत होतो, सगळ्या बायकांच्या आधारच्या प्रती ठेवत होतो. दीड वर्ष घराची एक किल्ली बाहेर होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

असा प्रोग्राम नुसता डिसेबल करून भागत नाही, तो काढूनच टाकायचा. सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडा, विंडोज ११ मध्ये 'इन्स्टॉल्ड ॲप्स', विंडोज १० मध्ये 'ॲप्स अँड फीचर्स'. ती पूर्ण यादी वाचा, कारण असे प्रोग्राम स्टार्टअपच्या यादीत दिसतीलच असं नाही. नको असलेल्यावर 'अनइन्स्टॉल' करा. मग बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला, तोही शक्यतो दुसऱ्या सुरक्षित मोबाईलवरून. खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. आमचे पैसे गेले नव्हते, पण स्टेटमेंट तपासून होईपर्यंत आम्ही दोघी-तिघी नीट जेवलो नव्हतो.

हॉटस्पॉट वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या कनेक्शनपुढे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. विंडोज पडद्यामागे होणारे बरेच डाउनलोड आवरतं घेतं. पण अपडेट कायमचे अडवू नका. महिन्यातून एकदा चांगलं वायफाय असेल तिथे ते होऊ द्या, कारण सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते.

पंधरा दिवसांनी बैठकीत मी संगणक सगळ्यांसमोर सुरू केला. काकूंनी घड्याळ धरलं. तीन मिनिटांच्या आत एक्सेल उघडलं. रिकामा बसलेला असताना मेमरी ५५ टक्क्यांच्या आसपास होती. नवीन संगणकाचा ठराव मागे घेतला. इतकं करूनही ज्यांचा संगणक हळूच राहील, त्यांनी आधी रॅम वाढवायचा आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवायचा खर्च दोन ठिकाणी विचारावा. नव्या संगणकापेक्षा तो पुष्कळ कमी असतो.

आता आमच्या रजिस्टरमध्ये एक पान संगणकाचं आहे. कोणता प्रोग्राम टाकला, कोणी टाकला, कशासाठी, आणि कधी काढायचा, असे चार रकाने. कोणी दुरुस्तीला आलं तर उठायच्या आधी ते पान भरून सही करतं. महिन्याच्या बैठकीत कर्जाची थकबाकी वाचून झाली की काकू ते पान वाचायला लावतात. तुमच्याही गटात, ग्रामसंघात किंवा मुलांच्या अभ्यासाच्या संगणकासाठी असं एक पान करा. या आठवड्यात निदान ती तीन बटणं दाबून यादी पाहा. कळलं नाही तर नावं लिहून पुढच्या बैठकीला घेऊन या, आपण मिळून पाहू.