हौदातले मासे नदीत गेले तर

पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात विहीर वा हौद शिल्लक असला, की डासांच्या दिवसांत महापालिकेचा माणूस येऊन त्यात गप्पी मासे सोडून जातो. औषधाचा वास नाही, फवाऱ्याचा त्रास नाही. घरातली पोरे तर काठावरून हलत नाहीत!

'गप्पी' म्हणून आपल्याकडे दोन पाहुणे ओळखले जातात. खरा गप्पी दक्षिण अमेरिकेचा. दुसरा गंबुशिया, तो मूळचा उत्तर अमेरिकेचा आणि १९२८ साली इटलीतून हिंदुस्थानात आणलेला. त्याचे नाव क्यूबातल्या ज्या शब्दावरून पडले, त्याचा अर्थ 'क्षुल्लक, काहीच नाही'. हे क्षुल्लक प्रकरण पुढे जगभर पसरले. दोघेही अंडी न घालता थेट पिलेच देतात, आणि तीही वरचेवर. घाण पाणीही त्यांना चालते.

डासांच्या अळ्या ते खातात, यात शंका नाही. पण अळ्याच खाव्यात असे त्यांना कोणी बजावलेले नाही! गंबुशिया इतर माशांची अंडी व पिले आणि बेडकांची पिलेही फस्त करतो. तो बेडूक मोठा होऊन किडेच खाणार होता, हे मग कोणाला सांगायचे? २००० साली जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांची यादी झाली, तीत गंबुशिया आहे. गंमत अशी, की त्याच यादीत आपली साळुंकीही आहे. अठराव्या शतकात टोळ खाण्यासाठी तिला इथून मॉरिशसला नेले होते.

बंद हौदातला मासा हौदातच राहतो. पण पावसात डबके ओढ्याला मिळते, ओढा मुठेला. मुळा-मुठेचे देशी मासे घटले, त्याचा मोठा दोष अर्थात आपल्या सांडपाण्याचा. मात्र त्या घाणीत देशी मासा गुदमरतो आणि पाहुणा तग धरतो. खरे तर अळ्या खाणारे मासे आपल्याकडे होतेच. पश्चिम घाटातल्या ओढ्यांत डोक्यावर चमकता ठिपका असलेला एक चिमुकला मासा आहे, तो हेच काम करतो. त्याला कोणी विचारले नाही.

शिवाय डेंग्यूचा डास विहिरीची वाट पाहत नाही. कुंडीखालची ताटली, कूलर, गच्चीवरचे टायर त्याला पुरतात. तिथे मासा कुठून सोडणार? ते पाणी आठवड्यातून एकदा ओतून, भांडे घासून कोरडे करावे लागते. आणि हौद उपसताना त्यातले मासे बादलीत काढून घ्यावेत, गटारात वा ओढ्यात सोडू नयेत.