छेदातून निसटलेली अर्भके

नवजात अर्भकांच्या आरोग्याविषयीच्या संशोधनात संख्याशास्त्रज्ञाचे स्थान कोणते, असे विचारले असता बहुधा एकच उत्तर मिळते: डॉक्टरांनी माहिती जमवावी आणि अखेरीस त्याने ती कोष्टकांत मांडून द्यावी. ही समजूत अपुरी आहे. त्याच्या कामातील सर्वांत कठीण भाग अभ्यासातील पहिले मूल जन्मण्यापूर्वीच सुरू होतो आणि तो एका अगदी प्राथमिक वाटणाऱ्या प्रश्नाशी निगडित असतो: कोणाला मोजावयाचे? शाळेतील अपूर्णांकाप्रमाणे मृत्युदरालाही अंश आणि छेद असतात. जन्मानंतरच्या २८ दिवसांत दगावलेली अर्भके अंशात, आणि जिवंत जन्मलेली सारी अर्भके छेदात. सन २०२२ मध्ये जगात या अंशाचा आकडा सुमारे २३ लाख होता, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. असा आकडा मनाला चटका लावतो, म्हणून सर्वांची दृष्टी अंशाकडे जाते. छेदाकडे पाहण्याची सवय मात्र मुद्दाम लावून घ्यावी लागते. ती नसली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण प्राणवायूच्या इतिहासात सापडते.

सन १९४२ मध्ये बोस्टन येथील नेत्रवैद्य टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांमधील एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढील दहा-बारा वर्षांत या विकाराने जगभरात सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली, असे मानले जाते. विलक्षण गोष्ट अशी की, जेथे उपचाराची साधने उत्तम तेथेच हा विकार अधिक आढळत होता. सन १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी तीन संस्थांमधील अनुभवाची तुलना करून प्राणवायूच्या सढळ वापराकडे बोट दाखविले. संशय बळावला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्या काळी निळसर पडलेल्या अर्भकाला भरपूर प्राणवायू देणे ही दया समजली जात असे. तो रोखणे कित्येक परिचारिकांना क्रौर्य वाटणे स्वाभाविकच होते.

यावर उपाय म्हणून जुलै १९५३ मध्ये अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून एक प्रयोग आरंभिला. १५०० ग्रॅम किंवा त्याहून कमी वजनाच्या अर्भकांपैकी एक-तृतीयांश मुलांना नित्याप्रमाणे मुबलक आणि उरलेल्यांना गरजेपुरताच प्राणवायू द्यावयाचा, अशी वाटणी पहिल्या तीन महिन्यांपुरती ठरली. या अवधीत दोन्ही गटांच्या मृत्यूंत फरक दिसला नाही, तेव्हा पुढील सर्व मुलांना बेताचाच प्राणवायू देण्यात आला. वर्षअखेर निष्कर्ष स्पष्ट होता: प्राणवायू आवरल्याने अंधत्व कितीतरी कमी होते आणि त्यापायी मृत्यू वाढत नाहीत. डॉक्टरांनी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि शेकडा ४० ही प्राणवायूची मर्यादा ठिकठिकाणी नियमासारखी पाळली जाऊ लागली.

परंतु त्या प्रयोगाच्या छेदात एक अट होती. अर्भक ४८ तासांचे झाल्यावरच त्याला अभ्यासात प्रवेश मिळे. अट वरकरणी समंजस होती. पहिल्या दोन दिवसांत पुष्कळशी मुले दगावतात, मग ज्यांचे डोळे तपासावयाची वेळच येणार नाही अशांना घेऊन काय साधणार? पण श्वसनाच्या त्रासाने जे मूल मरते ते मुख्यत: याच दोन दिवसांत मरते आणि प्राणवायूची त्याला सर्वाधिक निकड असते तीही तेव्हाच. म्हणजे “मृत्यू वाढले नाहीत” हे विधान ज्या मुलांविषयी केले होते त्यांत ही मुले नव्हतीच. तिसऱ्या दिवसापासून लागू असलेला निष्कर्ष रुग्णालयांनी पहिल्या तासापासून अमलात आणला. प्रयोग करणाऱ्यांनी खोटे काहीच सांगितले नव्हते. वाचणाऱ्यांनी छेद वाचला नाही.

याचा हिशेब मांडावयास वीस वर्षे लागली. सन १९७३ मध्ये लंडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ केनेथ क्रॉस यांनी पहिल्या दिवसाच्या मृत्यूंचे आकडे तपासून असा अंदाज मांडला की, एका मुलाची दृष्टी वाचविण्यासाठी सुमारे सोळा मुलांचे प्राण खर्ची पडले असावेत. हा आकडा अचूक मानण्याचे कारण नाही. मागाहून केलेल्या अशा अनुमानात अनेक गृहीतके मिसळलेली असतात. तथापि एवढे खरे की, वाचलेले डोळे मोजण्याची व्यवस्था होती आणि गेलेली मुले मोजण्याची नव्हती. आंधळे मूल चिकित्सालयात येते, दिसते. पहिल्याच रात्री गेलेले मूल कोणाच्याही कोष्टकात येत नाही.

पुढच्या पिढीच्या संख्याशास्त्रज्ञांनी यातून एक युक्ती काढली. मृत्यू आणि गंभीर अपंगत्व या दोहोंचे मिळून एकच “संयुक्त फलित” धरावयाचे, म्हणजे मेलेले मूल हिशेबातून गळणार नाही. रक्तातील प्राणवायूची पातळी शेकडा ८५ ते ८९ राखावी की ९१ ते ९५, हे ठरविण्यासाठी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जे पाच मोठे प्रयोग सुरू झाले त्यांच्या एकत्रित विश्लेषणात याच फलिताला अग्रस्थान दिले गेले. सन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या विश्लेषणात ४९६५ अर्भके होती. संयुक्त फलितात दोन गटांत निर्णायक फरक आढळला नाही: शेकडा ५३.५ आणि ५१.६. पण तेच फलित सुटे करून पाहिले, तेव्हा कमी पातळीच्या गटात शेकडा १९.९ मुले दगावली होती, तर वरच्या पातळीच्या गटात १७.१, उलट डोळ्यांवर उपचार करावे लागण्याचे प्रमाण कमी पातळीत १०.९ आणि वरच्या पातळीत १४.९ होते. जुनाच व्यवहार, आता काट्यावर तोललेला. मृत मुलाला हिशेबात आणण्यासाठी योजलेल्या बेरजेत त्याचा मृत्यू आणि दुसऱ्याचे अपंगत्व समान वजनाचे ठरले आणि मृत्यूचा फरक त्या बेरजेत विरून गेला. बेरीज करणे सोपे असते. कोणत्या वस्तू एकत्र बेरजेला घ्याव्यात हे गणित सांगत नाही.

या प्रयोगांतील आणखी एक प्रसंग संख्याशास्त्रज्ञाच्या कामावर प्रकाश टाकणारा आहे. कोणते मूल कोणत्या गटात आहे हे परिचारिकांना कळू नये म्हणून मापकयंत्रेच अशी बदलून घेतली होती की, दोन्ही गटांत पडद्यावर ८८ ते ९२ हीच पातळी राखावयाची असे. नोंदींची वारंवारता मांडताना ब्रिटनमधील अभ्यासकांच्या ध्यानी आले की, ८७ ते ९० यांच्या दरम्यानचे आकडे अपेक्षेपेक्षा फारच विरळ पडतात. अर्भकांच्या रक्तात अशी खाच असण्याचे कारण नव्हते. दोष यंत्राच्या आकडेमोडीत होता. ती सुधारल्यावर दोन गटांतील अंतर वाढले आणि मृत्यूंतील फरकही ठळक झाला. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील प्रयोगांत नवी मुले घेणे थांबविण्यात आले. त्यासाठी ठरलेली पायरी मुद्दाम उंच होती: फरक सुमारे तीन प्रमाण-त्रुटींहून अधिक असावा. वारंवार डोकावून पाहणाऱ्यास केव्हातरी योगायोगाचाही फरक दिसतो, म्हणून ही खबरदारी. पण मध्यंतरीचे आकडे पाहणाऱ्या देखरेख समितीला ही पायरी गाठली जाईपर्यंत एका गटात अधिक मुले दगावत असल्याचे दिसत असूनही मौन पाळावे लागते. तिच्यासमोर आकडे मांडणाऱ्या संख्याशास्त्रज्ञालाही ते शेजारच्या खोलीतील सहकाऱ्यांना सांगता येत नाहीत. या पेशातील हा भार पाठ्यपुस्तकांत क्वचितच वर्णिलेला असतो.

रुग्णालयात निदान मूल जन्मले याची नोंद तरी होते. जेथे प्रसूती घरीच होत, तेथे छेद घरोघर फिरूनच उभा करावा लागे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने सन १९९३ पासून ३९ गावे आणि तुलनेसाठी ४७ गावे घेऊन हे केले. गावातील नोंदणीवर विसंबून न राहता दर सहा महिन्यांनी घरोघर पाहणी करून निसटलेले जन्म-मृत्यू पकडण्यात येत. गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरी दिलेल्या शुश्रूषेने तेथील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ५८ वरून ५९.६ झाला. गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही उणीव जाणकार नोंदवितात; पण आरंभीचे दर दोहींकडे जवळजवळ सारखे होते, हेही त्याच कोष्टकात दिसते.

येथेही छेदाचा प्रश्न उभा राहतोच. जन्मत: न रडलेले मूल ‘मेलेलेच जन्मले’ असे म्हणून बाजूस ठेवले, की ते जिवंत जन्मांतूनच वगळले जाते आणि नवजात मृत्युदर विनासायास सुधारतो. उलट शिकलेली स्त्री त्याला श्वास देऊ लागली, की पूर्वी मृतजात ठरले असते असे मूल काही तास जगून अंशात शिरते. काम चांगले होते आणि आकडा बिघडतो. म्हणूनच नवजात मृत्यूंबरोबर मृतजात धरून काढलेला दरही त्या अहवालात वेगळा दिला आहे. त्यातील घट शेकडा ७१ होती. त्या दोन रकाने शेजारी ठेवून वाचल्याखेरीज कोणत्याही जिल्ह्याच्या सुधारलेल्या आकड्याविषयी काही बोलता येत नाही.