अधिक मते आणि बहुमत

निवडणुकीचा निकाल लागून गुलाल उधळला गेला, की अमुक उमेदवार 'बहुमताने निवडून आले' असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु अधिक मते आणि बहुमत या दोन भिन्न गोष्टी होत, इकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी ज्याला पसंत केले, त्याचे बहुमत. इतर प्रत्येकापेक्षा एक मत जास्त पडले, तर ती केवळ आघाडी. आपल्या देशात विधानसभेची वा लोकसभेची जागा जिंकावयास आघाडी पुरते.

निपाणीचेच उदाहरण घेऊ. २०२३ सालच्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या श्रीमती शशिकला जोल्ले यांस सुमारे ७३ हजार मते मिळून त्या विजयी झाल्या. राष्ट्रवादी काँग्रेसचे श्री. उत्तम पाटील यांस सुमारे ६६ हजार, तर काँग्रेसचे श्री. काकासाहेब पाटील यांस सुमारे ४४ हजार मते पडली. निकाल कायद्याप्रमाणे लागला, त्यात किंतु नाही. तरीही पराभूत झालेल्या या दोघांची मते मिळून १ लाख १० हजारांच्या घरात जातात. काँग्रेसचे सारे मतदार दुसऱ्या पाटलांकडेच वळले असते, असे मात्र कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्यांची दुसरी पसंती कोणास होती, हे त्यांना कोणी विचारलेच नाही. या पद्धतीची खरी उणीव तीच आहे.

सीमाभागातील मराठी मतदारांस या उणिवेची झळ विशेष लागली आहे. महाराष्ट्र एकीकरण समितीने २०१३ साली विधानसभेच्या दोन जागा जिंकल्या होत्या. २०१८ साली समितीत फूट पडली, दोन गटांचे उमेदवार समोरासमोर उभे राहिले आणि पदरात एकही जागा पडली नाही. फुटीचा दोष पुढाऱ्यांचा खरा. पण त्याची शिक्षा मतदारांस भोगावी लागली. शिवाय ज्या मतांस जागा लाभली नाही, त्यांचा आवाज सभागृहात पोहोचत नाही.

हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असे नव्हे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांची निवड ५३८ निर्वाचक करतात. तेथील ५० राज्यांपैकी ४८ राज्यांत ज्याची आघाडी, त्याच्याच पदरात त्या राज्याचे सर्व निर्वाचक पडतात. २००० साली फ्लोरिडा राज्यात श्री. बुश यांची अधिकृत आघाडी अवघ्या ५३७ मतांची होती. तेवढ्यावर त्या राज्याचे सर्व २५ निर्वाचक त्यांना मिळाले व ते राष्ट्राध्यक्ष झाले. सबंध देशात मात्र श्री. गोर यांस पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली होती. २०१६ सालीही जास्त मते मिळवणाऱ्या श्रीमती क्लिंटन पराभूत झाल्या.

यावर उपाय शोधण्यास फार दूर जावयास नको. कर्नाटक विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात बेळगाव जिल्हा येतो. त्या निवडणुकीत शिक्षक मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतिक्रम लिहितात. कोणासही निम्म्याहून अधिक मते नसल्यास शेवटच्या उमेदवारास बाद करून त्याची मते पुढील पसंतीप्रमाणे वाटली जातात. १९६९ साली श्री. व्ही. व्ही. गिरी याच रीतीने, पुढील पसंतीची मते मोजल्यानंतर, राष्ट्रपती झाले.

प्रचलित पद्धतीचेही गुण आहेत. ती निरक्षर माणसासही समजते, मोजणी लवकर होते आणि गाऱ्हाणे नेण्यास एक निश्चित आमदार असतो. पसंतिक्रमाची मोजणी किचकट असते, हेही मान्य केले पाहिजे. परंतु सोय आणि न्याय यांत निवड करावयाची झाल्यास, थोडे अधिक श्रम सोसणे आम्हांस रास्त वाटते.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर निवडून आलेल्याने ध्यानी धरावे, की ज्यांनी मत दिले नाही त्यांचेही आपण प्रतिनिधी आहोत. आणि वाचकांनी आपल्या गावच्या माध्यमिक शाळेतील गुरुजींना ती मतपत्रिका कशी भरतात, हे एकदा अवश्य विचारावे. जी रीत गुरुजींस एका निवडणुकीत उपलब्ध आहे, ती गावकऱ्यांस दुसऱ्या निवडणुकीत का नसावी?