वर्गातले तंत्रज्ञान : लेखांक ५
पानाच्या कडेचा चौकोन

बालभारतीच्या पुस्तकांत छापलेला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा लहानसा चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, मुळात शाळेसाठी जन्मलेला नाही. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट घेता यावी म्हणून तो घडवला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकटींमुळे तो कसाही फिरलेला असला तरी कॅमेऱ्याला त्याची दिशा कळते आणि माहिती पुनरुक्तीसह साठवलेली असल्याने, दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी वापरली असेल तर, सुमारे ३० टक्के भाग खराब होऊनही तो वाचता येतो. कारखान्यातील तेलकट हात गृहीत धरून केलेली ही सोय दुसरीतल्या मुलाच्या दप्तरातही उपयोगी पडावी, यात नवल नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या प्रयोगामुळे सर्वदूर पोहोचले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली. त्याआधी, २०१७ मध्ये केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा मंच सुरू झाल्यावर कोड आणि त्याखालील सहा अक्षर-अंकांचा संकेत ही अनेक राज्यांतील पुस्तकांची नेहमीची बाब झाली.

परंतु साधन पुस्तकात आले म्हणून ते अध्यापनात मुरले असे होत नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार शिक्षकाला विषयाची, शिकवण्याच्या पद्धतीची आणि साधनाची अशी तीन प्रकारची जाण लागते, आणि या तिन्हींचा जेथे मिलाफ होतो तेथेच तंत्रज्ञानाचे समावेशन, म्हणजे ते पाठाचा अविभाज्य भाग होणे, घडते. प्रशिक्षणांत मात्र बहुधा तिसरीच जाण दिली जाते, कारण तीच एका दुपारी उरकता येते.

परिसर अभ्यासातील बी रुजण्याचा पाठ घेतला तर हा मिलाफ नेमका कुठे होतो ते दिसते. काचेच्या पेल्याला आतून ओला टीपकागद लावून त्याच्या आणि काचेच्या मध्ये वालाचे तीन दाणे, एक सुलटा, एक उलटा आणि एक आडवा, असे अडकवले की दोन-चार दिवसांत मोड फुटतात आणि दाणा कसाही ठेवलेला असला तरी मूळ खालीच वळते. गुरुत्वाकर्षणाला वनस्पतीने दिलेल्या या प्रतिसादाला गुरुत्वानुवर्तन म्हणतात. प्रत्यक्ष वळण्याची क्रिया इतकी संथ असते की ती डोळ्यांना कधीच दिसत नाही, आणि कोडवरून उघडणारी, आठ दिवसांची वाढ एका मिनिटात दाखवणारी चित्रफीत नेमकी हीच उणीव भरून काढते. मात्र तीच चित्रफीत पहिल्या दिवशी दाखवली तर प्रश्न पडण्याआधीच उत्तर हाती येते, मग रोज सकाळी पेल्याभोवती जमण्याचे कारण उरत नाही. म्हणून सोमवारी दाणे लावून उलट्या दाण्याचे मूळ कुठे जाईल याचा अंदाज प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यावा, शुक्रवारपर्यंत रोज चित्र काढू द्यावे आणि मगच चित्रफीत लावून मूळ वळू लागताच ती थांबवावी, हा क्रम शिक्षकालाच ठरवावा लागतो. कोडमध्ये तो साठवलेला नसतो.

व्यवहारातील अडचणी आणखी साध्या असतात. वर्गात बहुतेक वेळा एकच फोन असतो आणि तोही शिक्षकाचा स्वतःचा. रेंज येत नसेल तर आशय आदल्या रात्री घरून उतरवून आणावा लागतो. शिवाय तळहाताएवढ्या पडद्यावर चाळीस डोकी वाकली की मागच्यांना पुढच्यांच्या मानाच दिसतात, त्यामुळे पाच-सहा मुलांचा एक गट चित्रफीत पाहत असताना उरलेल्यांनी आपापल्या पेल्यातील मूळ पट्टीने मोजून वहीत नोंदवावे, हीच व्यवस्था त्यातल्या त्यात सोयीची ठरते.